गुरख्याकडच्या चाव्या

सेलूला आमच्या कॉलनीत गावाला जाताना घराची चावी गुरख्याकडे द्यायची रीत होती. गुरखा नेपाळचा, पण इतकी वर्षं इथं काढलेली की भांडायचासुद्धा आमच्यासारखाच. दिवाळीत निम्म्या कॉलनीच्या चाव्या त्याच्या खोलीत खिळ्याला असायच्या. कुणाच्या घरचा चमचा कधी हलला नाही. शेजारच्या काकू एकट्या राहायच्या. त्यांची एक चावी तर कायमची त्याच्याकडेच. पडले-झडले तर असावी, म्हणायच्या.

मग टीव्हीवर त्याचा देश पेटला. जाळपोळ, तुरुंग फोडून पळालेले कैदी, तीच ती दृश्यं दिवसभर. आठवडाभरात लोक चाव्या परत न्यायला लागले. सरळ कुणी बोललं नाही. कुणाकडे पाव्हणे यायलेत, कुणी कुलूप बदलायलंय. कॉलनीतला मागचा चोर सेलूचाच निघाला होता, तेव्हा सेलूकरांकडून कुणी चाव्या काढून घेतल्या नव्हत्या. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर हसूही आलं.

काकूंना पुण्याहून मुलाचा फोन आला. "तू बातम्या बघत न्हाईस का?" काकूंनी चावी मागून घेतली आणि वर त्याला दोन लाडू दिले. तो लाडू घेऊन गेला.

पुढं एका दुपारी तो धापा टाकत आमच्या दारात उभा राहिला. "भाऊ, काकू आत पडल्यात. कण्हायल्यात. लॅच लागलंय."

मी पहार घेऊन धावलो. दोन दणक्यांत लॅच निघालं. काकू स्वयंपाकघरात पडलेल्या, पाय वाकडा झालेला, ओठ सुकलेले. सकाळपासून तशाच होत्या. त्याला आवाज ऐकू आल्यावर तो आधी तीन घरी जाऊन आला होता. कुणी दार उघडलं नव्हतं. अँब्युलन्स काकूंना घेऊन गेली, तेव्हा मी त्याच्यावर चिडलो.

"तुझ्या एका धक्क्यात दार पडलं असतं. इतका वेळ का घालवलास?"

"मी तोडायचं, भाऊ? आता?"

अरे, कोण काय म्हणणार होतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. तेवढ्यात समोरचे काका झोपेतून उठून बाहेर आले. पहार अजून माझ्याच हातात होती. त्यांनी मोडक्या दाराकडे पाहिलं आणि गुरख्याला विचारलं, "दार तू तोडलंस का रे?"