निळ्यापायी

टायर कारखान्याच्या चाचणीच्या रस्त्यावर त्याला सगळे तराजू म्हणत. गाडी वळणावर घातली की टायर नेमका कुठे पकड सोडतो, ते त्याला बसल्या जागी कळायचं, आणि गुण द्यायचा ते कुणाची भीडभाड न ठेवता. या वेळी मात्र पंचाईत झाली. नवा टायर त्याच्या लेकीने बनवला होता. तो पास झाला तर कारखाना घेणार, नाहीतर तिची सगळी मेहनत पाण्यात.

"मी नको. दुसरा ड्रायव्हर बघा," तो म्हणाला.

"नावं झाकलेली असतात की," चाचणीप्रमुख बाई म्हणाल्या. "तुम्हाला दिसणार नुसता रंग. मग लेक मधे आली कुठून?"

लाल, निळा, पिवळा असे तीन संच होते. गाडी तीच, वेग तोच, वळणंही तीच. तराजूने आधी लाल चालवला. मग निळे चढवले आणि पहिल्याच वळणावर त्याला पकड वेगळी लागली. हाच तिचा! आता काय करावं? जास्त गुण द्यावेत तर पोरीची बाजू घेतल्यासारखं, कमी द्यावेत तर आपल्याच पोरीच्या पोटावर पाय. शेवटी त्याने मन घट्ट करून निळ्याला कमी गुण दिले. पिवळा चालवतानाही डोक्यात निळाच घोळत होता, म्हणून त्याला मधलेच काहीतरी गुण देऊन तो मोकळा झाला.

निकालाच्या वेळी बाईंनी नावं उघडली. लाल आणि निळा एकच निघाले, दोन्ही कारखान्याचे जुनेच टायर! चालवणाऱ्याचीही परीक्षा व्हावी म्हणून अशी जोडी मुद्दाम घालतात, म्हणे.

"पण मला वेगळा लागला होता हो," तराजू गोंधळून म्हणाला. उठून त्याने दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले. "मग मला लागलं ते काय होतं?"

"ते मी कसं सांगू? तुमचे गुण मात्र धरता येणार नाहीत," बाई म्हणाल्या. "झीज मोजली, त्यात पिवळा सरस आहे. पण वळणावरचं कोण सांगणार?"

निकाल ऐकायला आलेली लेक रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती शेजारी येऊन बसली.

"गुण जाऊ देत, बाबा. माझा पिवळा कसा वाटला, तेवढं सांगा."

तराजूने डोळे मिटले. लाल आठवला, निळ्याचं तर वळण न् वळण आठवलं. पिवळ्याचं काही केल्या आठवेना.

"चांगला होता गं," तो म्हणाला.

लेकीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "बरं."