एका तारखेच्या दोन ओळी

आमच्या वाचनालयाच्या दारात एक फळा आहे. ग्रंथपालबाई रोज सकाळी त्यावर दिनविशेष लिहितात. आज मी पुस्तक बदलायला गेले, तेव्हा त्यांचं लिहिणं चाललं होतं. वर कुठल्याशा शास्त्रज्ञाचा जन्म, त्याखाली कुठल्याशा राजाने तहावर सही करून राज्य घालवलं ते. दोन्ही एकाच खडूने, एकाच वळणदार अक्षरात. तारखेला मेलीला कशाचंच काही वाटत नाही. कोणीही यावं, तिने शेजारी शेजारी बसवावं.

"काकू, एक ओळ उरलीय. आजचं काही आठवतं का?" बाईंनी विचारलं.

आठवतं की. आज माझ्या धाकट्या भावाचा वाढदिवस. तो झाला तेव्हा मी चौथीत होते आणि गल्लीभर पेढे मीच वाटले होते. पुढे अशाच एका वाढदिवसाला मी त्याला ओवाळलं आणि त्याच दुपारी तो मला कचेरीत घेऊन गेला. वडिलांच्या घरातला माझा हक्क सोडल्याचा कागद तयारच होता.

"ताई, नुसती सही कर. घर काय, तुझंच आहे."

भावाने पुढे केलेला कागद बहिणीने वाचायचा नसतो, अशी आमच्याकडची रीत. मीही वाचला नाही. दिवाळीला माहेरी गेले, तर दाराला परक्याचं कुलूप होतं. त्याने घर विकलं होतं.

"नाही हो, काही नाही," मी बाईंना म्हणाले.

घरी येऊन दरवर्षीसारखा त्याला फोन केला. तो खूश झाला.

"ताई, तुझ्या बरी लक्षात राहते गं ही तारीख!"