जयपूरला मागे घेतलेला निबंध

सवाई माधोपूरला गाडी बदलून मीटर गेजच्या डब्यात शिरले, तेव्हा नुकतं उजाडत होतं. जानेवारीची थंडी खिडकीच्या फटीतून थेट गुडघ्यांवर येत होती. समोरच्या बाईंनी न विचारताच आपल्या कांबळ्याचं एक टोक माझ्या पायांवर टाकलं आणि हातात एक पेरू ठेवला.

"कठै जा र्‍या छो सा?" (कुठे निघालात?)

जयपूरला, विद्यापीठात, परिसंवादाला, असं मी हिंदीत सांगितलं. परिसंवाद म्हणजे काय हे समजावता समजावता माझा पेरू संपला. शेवटी त्यांनीच निकाल दिला, "बातां करबा जा र्‍या छो." म्हणजे, गप्पा मारायला निघालात.

साताऱ्याच्या एका कॉलेजात मी तेव्हा मराठी शिकवत होते. महाराष्ट्राबाहेर निबंध वाचायची ही माझी पहिलीच वेळ. विषय होता, परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबांची मराठी कशी बिघडत जाते. चांगल्या निबंधांचं पुस्तक निघणार होतं, आणि त्यात नाव आलं तर कॉलेजात माझं वजन वाढणार होतं. निबंध नीटनेटका होता. फक्त त्यात जिवंत उदाहरणं कमी होती, हे मला प्रवासभर टोचत होतं.

विद्यापीठाचं आवार पाहिलं आणि थकवा विसरले. सरळ रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना कडुनिंब, आणि मधल्या हिरवळीवर मोर असे फिरत होते जसे आपल्याकडे कोंबड्या. मुलं स्वेटर घालून उन्हात वाचत बसली होती. कुल्हडमधला (मातीच्या पेल्यातला) चहा घेऊन नोंदणीच्या टेबलापाशी गेले, तर तिथे घोटाळा झालेला. माझी खोली दुसऱ्याच पाहुण्यांना देऊन टाकली होती. टेबलामागे छातीला बिल्ला लावलेली एक मुलगी उभी होती. माझं नाव वाचून ती एकदम मराठीत बोलली.

"मॅडम, तुमी मराठी आहे ना? मतलब, आमच्या घरी चालता का जी? माही आई खूप खुश होईल."

तिचं नाव सुजाता वानखेडे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील रेल्वेत सिग्नल दुरुस्तीच्या कामावर. बारा वर्षांपूर्वी वर्ध्याकडून बदली होऊन इथे आले, ते इथलेच झाले.

आम्ही बसने सी-स्कीम नावाच्या वस्तीतल्या ऐसपैस बंगल्यांवरून स्टेशनकडे आलो. रेल्वे वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात तुळशीएवढ्याच कौतुकाने लावलेला कढीपत्ता. वहिनींनी, म्हणजे सुजाताच्या आईने, गट्ट्याची भाजी (बेसनाच्या उकडलेल्या वळ्यांची) आणि शेजारी आपल्या गावाकडचा झणझणीत ठेचा वाढला. एका ताटात दोन मुलूख. मला आग्रहाने तिसरी पोळी वाढत होत्या आणि सुजाता आतून ओरडत होती, "आई, पाणी गरम करून रायली मी, मॅडमले थंडी वाजते."

मी हसले. मग जेवण झाल्यावर घरी पत्र लिहिते असं सांगून वही काढली आणि तिची वाक्यं एकेक करून उतरवून घेतली. 'करून रायली'. 'मॅडमले'. वाक्यागणिक 'जी'. मला हवी होती ती उदाहरणं ताटात वाढून समोर आली होती.

दुसऱ्या दिवशी माझा निबंध रंगला. मी हिंदीतून बोलत होते, पण ती वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. "ही बघा हिंदीच्या शेजाराने झालेली दशा," असं म्हणत मी ठसक्यात 'करून रायली' म्हटलं, आणि सभागृह खळखळून हसलं. टाळ्यांच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि हे उदाहरण दूरचं नाही, तुमच्याच एका स्वयंसेविकेच्या घरातलं आहे."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. दाराशी सुजाता पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिने ट्रे खुर्चीवर ठेवला आणि बाहेर गेली.

संध्याकाळी बसमध्ये ती माझ्याशेजारीच बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मैडम, ठंडी हवा आ रही है, खिड़की बंद कर दूँ?"

ती माझ्याशी हिंदीत बोलली. घरी गेल्यावरही हिंदीतच. सभागृहात काय घडलं तेही आईला हिंदीतच सांगितलं.

रात्री जेवताना वानखेडे पोळी मोडता मोडता म्हणाले, "मॅडम, एक इचारू का जी?"

"विचारा ना."

"माही माय वर्ध्याकडच्या खेड्यातली. शाळेत गेली नाही, गाव सोडून कुठी गेली नाही. ते बी 'करून रायली'च म्हणे. 'मले', 'तुले' म्हणे. लहान पोरालेबी 'जी' म्हणे. मंग ते आमी जयपुरात येऊन कसं बिघडवलं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. वऱ्हाडी, नागपुरी बोलीवर एम.ए.ला मी पानभर उत्तर लिहिलं होतं; हीच रूपं त्यात ओळीने मांडली होती. तरीही जयपुरात ती कानांवर पडली आणि मी त्यांच्यावर परकेपणाचा शिक्का मारून मोकळी झाले. कारण मला निबंधासाठी तेच हवं होतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "ही तुमच्या घरची मराठी आहे. बिघडलेली नाही."

वहिनी हळूच म्हणाल्या, "ते पोरीले सांगा जी. चार लोकांत हासू झालं तिचं."

सुजाता ताटातून मान वर करेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना आमेरचा किल्ला दाखवायला नेलं. पिवळसर दगडाच्या कमानी, खाली तलावात उतरलेलं डोंगराचं प्रतिबिंब, उन्हात चमकणारी आरशांची दालनं. सगळं पाहिलं, पण मन दुपारच्या समारोपात अडकलं होतं. परतताना मी परिसंवादाच्या प्रमुखांना गाठलं आणि दोन मिनिटं बोलू द्या म्हटलं.

"कशाला?" ते म्हणाले. "तुमचा निबंध सगळ्यांना आवडला. पुस्तकात घेतोय आम्ही तो."

"तो घेऊ नका, म्हणूनच बोलायचंय."

त्यांनी नाराजीनेच वेळ दिली. मी मंचावर उभी राहिले. मी सांगितलं, की काल ज्या वाक्यांना तुम्ही हसलात ती माझ्याच भाषेतल्या एका जुन्या, सशक्त बोलीची आहेत. मला ते ठाऊक होतं, तरी सोयीसाठी विसरले. ज्या घरात मी जेवले तिथलं बोलणं न विचारता वहीत उतरवलं आणि हसण्यासाठी वापरलं. त्या मुलीची मी इथे, सगळ्यांसमोर माफी मागते. निबंध मागे घेते.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतल्या एका वृद्ध प्राध्यापकांनी तेवढी मान हलवली. सुजाता आज भिंतीपाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

परतीच्या गाडीला वानखेडे कुटुंब पोहोचवायला आलं. वहिनींनी बाजरीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. सुजाताने माझी बॅग बाकाखाली सरकवली, खाली उतरली, आणि गाडी हलल्यावर खिडकीबरोबर चार पावलं चालत आली.

"पोचल्यावर पत्र टाकजा जी," ती म्हणाली. मग किंचित हसून, "वाचता येते मले मराठी."

मी पत्र टाकलं. तिचं उत्तरही आलं, जसं बोलायची तसंच लिहिलेलं. त्यातली एकही ओळ मी कुणाला वाचून दाखवली नाही.

वर्षभराने परिसंवादाचं पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात आलं. अनुक्रमणिकेवरून मी दोनदा बोट फिरवलं. माझं नाव नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण निदान माझ्या नावावर तरी, कुणाच्या घरचं बोलणं हसण्यासाठी वापरल्याचं एक पानही त्या पुस्तकात नव्हतं.