जीपच्या टपावरची सायकल

सायकलनं कन्याकुमारीला जायचं, हे स्वप्न माझ्या मित्राचं. मी त्यात नंतर शिरलो. तो नेरला राहतो, मी दारव्ह्याला. दोघंही शिक्षक, दोघंही पन्नाशीतले. दिवाळीनंतर निघायचं ठरलं. तोवर सराव म्हणून एका रविवारी मी त्याच्याकडं जायचं, पुढच्या रविवारी त्यानं माझ्याकडं यायचं. निघताना फोन करायचा, म्हणजे वेळ मोजता येते.

माझ्या पहिल्याच रविवारी निम्म्या वाटेत समोरून वारा सुटला. मी उतरून सायकल ढकलू लागलो. मागून सवारीची जीप आली. ड्रायव्हर ओळखीचा होता.

"काय सर, पंचर?"

"हो," मी म्हणालो.

पंक्चर नव्हतं. सायकल टपावर चढली. नेरच्या अलीकडं मी उतरलो आणि बाटलीतलं पाणी सदऱ्यावर शिंपडलं, कारण होता तो घाम जीपमध्येच वाळून गेला होता.

मित्र फाटकात उभा होता. "दीड घंटा? मले त अडीच लागते, राज्या!"

"वारा मागून होता," मी म्हणालो.

असं मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा ड्रायव्हरनं पंक्चरचं विचारलंही नाही, सरळ दोरी काढली.

त्या तिसऱ्या रविवारी मित्र फाटकात नव्हता. आत दिवाणावर पाय लांब करून बसला होता. गुडघा सुजलेला. वहिनी शेकत होत्या.

"भाऊजी, तुमची बराबरी कराले रोज पहाटे सायकल घेऊन जाते हे. तुमीच सांगा आता ह्यायले."

"तू एकटाच जाय," मित्र म्हणाला. "मी तुह्या मांगं रखडत कायले येऊ?" भिंतीवरचा रस्त्यांचा नकाशा त्यानं काढून गुंडाळून ठेवला होता. तो माझ्या हातात दिला.

नकाशा हातात धरूनच मी सांगितलं, "मी जीपनं येतो."

"म्हणजे?"

"सायकल टपावर टाकून."

वहिनींचा हात थांबला.

"आजबी?"

"आजबी."

"अन् हा घाम?"

"पाणी आहे."

तो माझ्या सदऱ्याकडं बराच वेळ पाहत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"आता वापस सायकलनं जाय," तो म्हणाला. "पोचला का फोन कर."

मी गेलो. घरी पोचून फोन केला. "सव्वातीन घंटे. चढावर उतरून ढकललीबी."

त्यानं वहिनींना मारलेली हाक मला फोनवर ऐकू आली, "आवं, सव्वातीन घंटे लागले याले!" एवढा आनंद त्याला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

मग तो मला म्हणाला, "गुडघ्याची सूज उतरली का निघू. पण तू पुढं राहाचं, माह्या नजरेसमोर. मी मांगून येईन."

का, ते मी विचारलं नाही.