चौकशीबाईंची सुट्टी

बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत आयुष्य गेल्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांना सगळे चौकशीबाईच म्हणत. तळ्याला जायचंय? समोरची बस. टेकडीवरचा मनोरा? वीस मिनिटांची चढण, पायऱ्या सोप्या. बाहेरून आलेल्या कितीतरी लोकांना त्यांनी हे घडाघडा सांगितलं होतं. स्वतः मात्र ना तळं पाहिलं होतं, ना मनोरा. आधी नोकरी, मग सासूबाईंचं आजारपण, मग नातवंडं. गावातच तर आहे, कधीही बघता येईल, असं म्हणता म्हणता केस पांढरे झाले.

मुलगा, सून आणि नातवंडं दरवर्षी दोन-तीन दिवस सुट्टीला बाहेर पडत. गाडीत आईपुरती जागा काही होत नसे. कधी मुलांच्या सायकली, कधी सुनेची बहीण, यंदा तर म्हणे फुगवायची होडी. होडीला जागा मिळते, आईला मिळत नाही! "आई, तू घरी आहेस म्हणून आम्ही निर्धास्त जातो," असं मुलगा वर लाडात येऊन म्हणे. कुलपाशी कोणी इतकं गोड बोलत नाही, एवढाच काय तो फरक.

यंदा गाडी कोपऱ्यावर वळली आणि बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाराला कुलूप घातलं, चावी शेजारणीच्या हातावर ठेवली, नातवाची टोपी डोक्यावर चढवली आणि तडक स्थानक गाठलं. खिडकीत आता त्यांचीच जुनी सहकारी बसत होती.

"गाव दाखवणाऱ्या बसचं एक तिकीट दे."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"बाई, थट्टा करता का? तुम्ही काय बघणार या गावात?"

"तू तिकीट दे तर खरी. आल्यावर सांगते."

बसने सगळ्यांना टेकडीच्या पायथ्याशी सोडलं. वीस मिनिटं उलटून गेली तरी अर्धी चढणसुद्धा सरेना. एकेक पायरी गुडघ्याएवढी.

"मागे स्थानकावरच्या एका बाईने वीस मिनिटं सांगितली होती," एक घामाघूम गृहस्थ मागून करवादले. "तिला इथे आणून चढवायला पाहिजे!"

"चढतेच आहे ती," बाई धापा टाकत म्हणाल्या, आणि हसू आवरेना म्हणून पायरीवरच बसल्या.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "आई, कुठे आहेस तू? फ्रिज दुरुस्त करणारा दाराशी ताटकळतोय!"

"मी टेकडीवर आहे. मनोरा बघायला आलेय."

"एकटी? अगं, तुझे गुडघे!"

"गुडघे माझ्याबरोबरच आलेत."

"आई, गंमत पुरे. खाली उतर, रिक्षा कर आणि घर उघड. फिरायचंच होतं तर आम्हाला सांगायचंस ना!"

हे मात्र बाईंना झोंबलं. "दरवर्षी सांगत होते," त्या म्हणाल्या. "तुला ऐकू आलं नाही. फ्रिजवाल्याला परत पाठव. मी उतरणार नाही."

आणि फोन ठेवून त्या उठल्या. गुडघे चांगलेच बोलत होते. बाईंनी त्यांना मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि पुढची पायरी चढल्या.

माथ्यावर भणाण वारा होता. खाली अख्खं गाव पसरलं होतं आणि तळं त्यांना वाटलं होतं त्याहून कितीतरी मोठं निघालं. या सगळ्यात आपलं घर कुठलं, ते त्यांनी शोधून पाहिलं. सापडेना, तेव्हा नाद सोडला आणि तळ्याकडे बघत निवांत बसल्या. इतकं छान वाटत होतं की रडूच आलं.

फोन पुन्हा वाजला. मुलाचा आवाज आता मवाळ झाला होता. "आई, बरं, राहू दे फ्रिजचं. आम्ही उद्या दुपारी पोहोचतोय. जेवायलाच येऊ."

"या ना. चावी शेजारी आहे. मी उद्या धरण बघायला जातेय, परवा तळ्यावर."

"अगं, मग जेवणाचं काय?"

"तुमचं तुम्ही बघा," बाई म्हणाल्या. "सुट्टीत मी स्वयंपाक करत नाही."