हातातला शेंगदाणा

चौऱ्याहत्तर साली सोलापूरच्या एका दवाखान्यात माझ्या वडिलांच्या शेजारच्या खाटेवर केम गावचे एक म्हातारे होते. दोघांच्याही अंगावरून वारं गेलेलं, दोघांचाही उजवा हात लुळा. पण मला वैताग आणला तो त्या म्हाताऱ्यांच्या बायकोनं.

ती नवऱ्याची मूठ उघडायची, तळहातावर एक शेंगदाणा ठेवायची आणि म्हणायची, "धरा की." दाणा घरंगळत वडिलांच्या खाटेखाली यायचा. मग बाई माझ्या पायांत वाकून तो शोधायची. दिवसभर हेच.

त्यात नवऱ्याच्या डोक्याचा एक्स-रे. तो खिडकीपाशी धरून ती मला विचारायची, "ह्यात किती गेलंय ओ?" मी सांगायचो, बाई, ह्या फोटोत नुसतं हाड दिसतं, मेंदू दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोटो, तोच प्रश्न.

शेवटी तिनं डॉक्टरांनाही तेच विचारलं, तेही वैतागले. "परदेशात मेंदूच्या आतलं दाखवणारं यंत्र निघालंय. आपल्याकडं नाही."

"गेल्यालं मला बी दिसतंय की," ती म्हणाली. "ऱ्हायल्यालं किती टिकंल, ते दावतंय का त्ये?"

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले. मला त्यांचाही राग आला.

काही दिवसांनी बाई नवऱ्याला गावी घेऊन गेली. सुटलो, असं वाटलं. संध्याकाळी चप्पल शोधताना खाटेखाली एक शेंगदाणा सापडला. मी तो वडिलांच्या उजव्या तळहातावर ठेवला.

"धरा की, अण्णा."

दाणा घरंगळला. मी पुन्हा खाटेखाली वाकलो.