दहा सेकंदांचा कावळा

"कावळा कसा करतो? काव काव! चिमणी कशी करते? चिव चिव! भूभू कसा करतो?"

नागपूरहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर अशा गरजत होत्या की लंडनजवळच्या पिनरमधल्या आमच्या किचनची खिडकी थरथरली. हायचेअरमधली आमची वर्षभराची लेक फोनकडे महाराणीसारखी बघत होती. तोंडातून चकार शब्द नाही.

तीच तर काळजी होती. कान तपासून झाले होते, ठणठणीत. पण बडबड नाही, कशाकडे बोट दाखवणं नाही. बायको वरवर हसायची आणि घडी घातलेली झबली पुन्हा उलगडून पुन्हा घड्या घालायची.

त्या दिवशी बाळाची वाढ तपासायला घरी येणाऱ्या सरकारी नर्स, हेल्थ व्हिजिटर बाई, सोफ्यावर बसून हा गोंधळ बघत होत्या. मराठीचं एक अक्षर न कळता त्यांना सगळं कळलं. म्हणाल्या, "प्रश्न तुमचा, उत्तरही तुमचंच. मग तिचा नंबर कधी? एकदा विचारा, तिच्याकडे बघा आणि मनात दहापर्यंत मोजा."

दहा! आमच्या घराण्यात सलग दहा सेकंद गप्प राहिले ते फक्त माझे आजोबा, तेही ऑपरेशन टेबलावर.

तरी विचारलं. "कावळा कसा करतो?" एक, दोन, तीन...

"हॅलो? हॅलो! आवाज गेला! जावईबापू, ते वायफाय बदला एकदा!"

"आई, वायफाय ठीक आहे. आम्ही गप्प बसलोय."

"का? भांडलात?"

शेवटी बायकोने दम भरला, "आई, तोंडाला पदर लाव बघू!" चाळीस वर्षं वर्ग गाजवलेल्या त्या मास्तरीणबाईंनी पदराचा बोळाच तोंडात कोंबला. पुन्हा विचारलं. चार. पाच. अशी शांतता पसरली की फ्रिजनेही घुरघुर थांबवली. सात. बायकोने माझा दंड पिरगाळला. आठ. लेकीने आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, बोट थेट फोनमधल्या आजीवर रोखलं आणि म्हणाली,

"काऽऽव!"

मी आरोळी ठोकली ती मँचेस्टरपर्यंत गेली असणार. बायको हसता हसता रडली. हेल्थ व्हिजिटर बाई शिस्त विसरून सोफ्यावर उडाल्या.

"आई, ऐकलंत? बोलली! बोट दाखवून बोलली!"

सासूबाईंनी तोंडातून पदर काढला, खांद्यावर नीट घेतला.

"ऐकलं. कावळा दोनदा करतो."